गोधडीच्या पोटातला घास

दिंडोशी, मुंबई
१२ जानेवारी २०२५

आदरणीय आक्कांस,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नका. इकडे सगळे धडधाकट आहेत. सम्यक म्हणतो, "आई, आत्याला फोन कर ना, पत्र कोण लिहितं आता?" त्याला काय जातंय सांगायला! मी इकडे फोनवर घसा फोडते, शेजारचे दार उघडून बघतात काय भांडण लागलं, आणि तुम्हाला तिकडे नुसती घरघर ऐकू येते. त्यापेक्षा कागद बरा. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचाल आणि चार चुका काढाल, ते मला चालतं.

संक्रांतीसाठी पाठवलेलं जोंधळ्याचं पोतं मिळालं. भाकरी अशी गोड होते की तुमचे भाऊ एकीच्या जागी दोन खातात आणि वर म्हणतात, "गावाकडचं पाणीच वेगळं." पाणी कुठे आलंय, जोंधळेच आलेत. पण त्यांना कोण समजावणार.

आता मुद्द्याचं. आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे, तुम्ही बघितलीच होती. दरवर्षी रंग मारायचा आणि दरवर्षी पापुद्रे. यंदा मी म्हटलं, जाऊ दे, झाकूनच टाकू. मरोळच्या कपडे शिवायच्या गाळ्यात मी धागे कापायला बसते, तिथे संध्याकाळी कतरणीचा ढीग पडतो. शिवदास मास्तरांना विचारून रोज पिशवीभर आणत होते. त्यातून एक गोधडी शिवली. पांघरायची नाही, भिंतीला टांगायची. आमच्या खिडकीतून दिसतं तेच घातलं तिच्यात. मागचा डोंगर, समोरची बिल्डिंग, गच्चीवरच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. तुमच्या भावांनी खिळा ठोकला, तोही वाकडा.

आक्का, झकास दिसते हो! आणि पुढचं ऐका. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे रेवती मॅडम म्हणून येतात. अंधेरीत त्यांचा घर सजवायच्या वस्तूंचा स्टुडिओ आहे. त्यांनी ती बघितली आणि पंधरा मिनिटं हलल्याच नाहीत. म्हणाल्या, "मालनताई, मला सहा फुटी करून द्या, मे महिन्यात मोठं प्रदर्शन आहे." मी हो म्हणून बसले. एवढी मोठी मी कधी शिवली नाही. मधे झोळ पडू नये म्हणून काय करायचं, थर किती घ्यायचे, सगळं सविस्तर लिहा. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा धावदोरा येत नव्हता, तुम्हीच बोटाला धरून शिकवलंत. आता परत शिकवा.

तुमची,
मालन

*

पिंपरवाडी, ता. कोरेगाव
२१ जानेवारी २०२५

प्रिय मालनला,
आक्काचा जय भीम.

तुझं पत्र वाचलं. एक सांग, तुमच्या मुंबईत भिंतींना थंडी वाजते का गं?

गोधडी अंगावर घ्यायची असते. तिच्यात लेकरं वाढतात, म्हातारी माणसं तिच्यात कुढत पडतात, नवीन सुना तोंड लपवून रडतात. तू स्वतः माझ्या गोधडीत आठ दिवस रडलीस, विसरलीस काय? आणि आता ती खिळ्याला टांगायची. धन्य बाई तुझी.

बरं, हो म्हणालीसच तर नीट कर. खरात घराण्याच्या हाताला बट्टा लावू नकोस. नवं कोरं कापड आधी भिजवून कडकडीत वाळव, नाहीतर नंतर आटतं आणि सगळं चित्र गोळा होतं. आत जुन्या सुती साड्यांचे दोन थर घाल, तिसरा नको, सुई अडते. जमिनीवर पसरून चारी बाजूंनी ताण, वर पाटे-वरवंटे काय असेल ते ठेव. मग काठाकडून आत ये, गोल गोल, देवळाला प्रदक्षिणा घालतात तशी. मधून सुरुवात केलीस की झोळ पडलाच म्हणून समज. टाका जोंधळ्याएवढा. त्याहून मोठा दिसला तर मी मुंबईला येऊन उसवीन.

आणि घास विसरू नकोस. भिंतीची असो नाहीतर अंगाची, गोधडी उपाशी ठेवायची नाही. आपल्या आईनं एकही गोधडी घासाशिवाय बंद केली नाही. म्हणायची, जिच्या पोटात काही नाही ती दुसऱ्याला ऊब कुठून देणार? उजव्या कोपऱ्यात बोटभर तोंड उघडं ठेव, चिमूटभर जोंधळे घाल आणि मग शेवटचे टाके मार. तुमच्या मॅडमला सांगायची गरज नाही.

एक विचारते. प्रदर्शनात वस्तूखाली चिठ्ठी लावतात. तिच्यावर नाव कुणाचं असणार? आधी विचारून घे.

तुझी,
आक्का

*

दिंडोशी
९ मार्च २०२५

आदरणीय आक्कांस,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. सुट्टीचे सगळे दिवस गोधडीत गेले. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तुमचे भाऊ टीव्ही बघायला कडेकडेने भिंत धरून जातात, आणि सम्यक स्वयंपाकघरात जेवतो. घरात माझी दादागिरी चालू आहे, मजा येतेय.

चित्र काय घेतलं सांगते. आमच्या गाळ्यात वर एक माळा आहे, तिथे कापडाचे गठ्ठे ठेवतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी मला दोऱ्याची पेटी आणायला वर पाठवलं. मी वरून खाली बघितलं, आणि आक्का, बघतच राहिले. आमच्या सगळ्या बायका गोल करून जमिनीवर डबे उघडून बसलेल्या. वरून फक्त डोकी दिसत होती. कुणाचा भांग, कुणाचा अंबाडा, कुणाची वेणी, आणि मधे डब्यांचा घोळका. एकीचा हात दुसरीच्या डब्यात. दहा वर्षं मी त्याच गोलात बसते, पण तो गोल मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

तेच शिवलं. दहा जणी. सपनाची जांभळी ओढणी आहे, ती तिच्याच जुन्या ओढणीची. ती म्हणाली, "मालनताई, मला बारीक दाखवा ना." वरून दाखवतेय, बारीक काय नि जाड काय! भांग पांढऱ्या दोऱ्याचे. डब्यांची झाकणं साटीनच्या उलट्या बाजूने केली, अशी चमकतात की जेवायला बसावंसं वाटतं. चटणीला लाल कापडाचे दोन ठिपके. आणि एका ठिकाणी जागा रिकामी आहे, तिथे नुसता डबा. ती माझी जागा. मी माळ्यावर होते ना.

काठाकडून आत आले, झोळ पडला नाही. टाका जोंधळ्याएवढा, पट्टी लावून बघितला. घाससुद्धा घातला. तुम्ही पाठवलेल्या पोत्यातलेच जोंधळे. सहा फुटी गोधडी म्हणून चिमटीच्या जागी चांगले मूठभर घातले. एवढी मोठी बाई, तिला चिमटीने काय होणार?

नाव "जेवणाची सुट्टी" ठेवलंय. चिठ्ठीचं अजून विचारलं नाही. विचारीन. लगेच कसं विचारायचं? मॅडम बोलायला चांगल्या आहेत.

तुमची,
मालन

*

पिंपरवाडी
१८ मार्च २०२५

प्रिय मालनला,
आक्काचा जय भीम.

पत्र तीनदा वाचलं. शेजारणीलाही वाचून दाखवलं. भिंतीचं मला अजून पटलेलं नाही, पण रिकाम्या जागेवर डबा ठेवलास ते शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं.

चांगल्या बोलणाऱ्या माणसालाच आधी विचारावं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मला अक्षर न अक्षर उतरवून पाठव. दुसरं काही नाही लिहिलंस तरी चालेल.

आक्का

*

दिंडोशी
५ मे २०२५

आदरणीय आक्कांस,
सप्रेम जय भीम.

प्रदर्शन एक तारखेपासून सुरू झालं. अंधेरीचा मोठा हॉल आहे, एसी, वर जायला मधोमध गोल जिना. मी आणि सपना कामगार दिनाच्या सुट्टीला गेलो. चहा होता, बिस्किटं होती, ती कागदात गुंडाळलेली. माणसं खूप होती. गोधडी जिन्यासमोरच्या पांढऱ्या भिंतीवर लावलीय, वर दिवे सोडलेत. लोक लांब उभे राहून मान वाकडी करून बघत होते. आपल्या बायका एवढ्या उजेडात मी कधी बघितल्या नव्हत्या.

तुमच्या भावांचं बीपी आता बरं आहे. सम्यकच्या ऑफिसात पगारवाढ व्हायची बोलणी आहेत. इकडे उकाडा फार. मागच्या डोंगरावरची हिरवळ पार करपलीय. सपनाच्या मुलीचे दहावीचे पेपर चांगले गेले.

चिठ्ठीचं म्हणाल तर ती छोटी असते, जागा कमी असते. मॅडम म्हणाल्या, असंच चालतं. बाकी सगळं छान.

तुमची,
मालन

*

पिंपरवाडी
११ मे २०२५

मालन,

जागा कमी होती म्हणे. किती कमी? "मालन" लिहायला तीन अक्षरं लागतात. तेवढीही नव्हती?

भावाचं बीपी, सपनाची पोरगी, डोंगराची हिरवळ. मला बहिरी समज, येडी समजू नकोस. तुझं अक्षर नेहमी वरच्या रेघेला चिकटून असतं, या पत्रात खाली घसरलंय. चिठ्ठीवर त्या रेवतीचं नाव आहे. हो ना?

आता मी सांगते ते नीट वाच. हे मी तुझ्या भावोजींनासुद्धा कधी सांगितलं नाही, ते गेले तरी त्यांना ठाऊक नव्हतं.

१९८७ साली तालुक्याला प्रदर्शन होतं. गावच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई घरी आल्या, म्हणाल्या, "कमल, तुझी ती मोरांची गोधडी दे, नुसती दाखवायला नेते." मी दिली. मला केवढा आनंद! धाकटा कडेवर, थोरला बोटाला, एसटीनं तालुक्याला गेले बघायला. पहिला नंबर आला. स्टेजवर नाव पुकारलं बाईंचं. बाई गेल्या, प्रशस्तिपत्रक घेतलं, नमस्कार केला. मी गर्दीत मागे उभी होते. सगळे टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा वाजवल्या, मालन. कडेवरचं पोर सांभाळून टाळ्या वाजवल्या. गोधडी परत आली नाही, आणि मी मागायला गेले नाही. काय म्हणून मागू? त्या बाई, मी कोण? अडतीस वर्षं त्यांच्या घरासमोरून जाताना मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जाते.

नामांतराच्या वेळी मोर्चात मी पुढे होते, दगड लागला तरी मागे फिरले नाही. सगळ्या समाजासाठी तोंड उघडलं, पण स्वतःच्या गोधडीसाठी उघडता आलं नाही. त्याची मला आजही चीड येते.

तू दुसऱ्या कडेनं चालायचं नाही. गोधडी तुझी आहे, हे तिथे उभी राहून सांग. भांडता नाही आलं तर नुसतं सांग. लाज वाटली तर माझं नाव घे, म्हण आक्कानं पाठवलंय.

ता. क. जोंधळे भाजून घेतले होतेस ना? ते लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं. भाजायचे असतात हे काय सांगायला पाहिजे?

आक्का

*

दिंडोशी
२१ मे २०२५

आदरणीय आक्का, माझ्या गुरू, माझ्या पोलीस,
कडक जय भीम!

नाही हो, भाजले नव्हते!

तुमचं पत्र गुरुवारी संध्याकाळी आलं. टाळ्यांचं वाचताना डोळ्यातलं पाणी थांबेना. तुमचे भाऊ विचारत होते काय झालं, मी नुसतं हाताने "थांबा" म्हटलं. आणि मग खालची ताज्या कलमाची ओळ वाचली. मूठभर कच्चे जोंधळे! मार्चपासून! या उकाड्यात! मी म्हटलं, वाट लागली.

शुक्रवारी सकाळी गाळ्यात पोचते न पोचते तोच मॅडमचा फोन. "मालनताई, तुमच्या गोधडीतून किडे निघतायत! पांढऱ्या भिंतीवर रांग लागलीय! घाणेरड्या चिंध्या वापरल्यात का तुम्ही? आत्ताच्या आत्ता येऊन काढून न्या!" आक्का, मला आधी भीती वाटली. आणि मग एक गोष्ट डोक्यात आली आणि भीती गेली. चिठ्ठीवर नाव त्यांचं, आणि किडे निघाल्यावर गोधडी माझी? वा रे वा!

मी मास्तरांकडे गेले. म्हटलं, जेवणाची सुट्टी जरा मोठी द्या, माझी इज्जत अंधेरीला टांगलीय. शिवदास मास्तर बोलायला कमी. घड्याळ बघून म्हणाले, "दीड तास. वर एक मिनिट नाही." मी एकटीच निघाले होते. तर सपनाने डबा उचलला. म्हणाली, "मी येते. माझं डोकं आहे त्यात." मग बाकीच्या उठल्या. सगळ्यांची डोकी होती ना! चार रिक्षा केल्या. दहा जणी आणि मी, डब्यांसकट.

हॉलमध्ये पोचलो तर तिथे पन्नासेक माणसं, कारण त्याच दुपारी प्रदर्शन भरवणाऱ्या अबोली बाई पाहुण्यांना सगळं दाखवत होत्या. वयस्कर आहेत, केस पांढरेशुभ्र, हातात काठी. गोधडीसमोर रेवती मॅडम घामाघूम. मी चिठ्ठी वाचली. तुम्हाला आता अक्षर न अक्षर लिहिते, त्या दिवशी धीर झाला नव्हता. "फुलांचं वर्तुळ. रचना आणि निर्मिती: रेवती." फुलं! आक्का, दोन महिने त्यांनी ती गोधडी बघितली, आणि त्यांना त्यात फुलं दिसली!

अबोली बाई त्यांना विचारत होत्या, "रेवती, कोपऱ्यात हे टणक काय लागतंय? आत काय भरलंयस?" मॅडम म्हणतात, "ते... भरण असतं, वजनासाठी." आणि त्याच वेळी भरणातून धान्यातला एक पोरकिडा निघाला आणि त्यांच्या बोटावर चढला.

मी पुढे गेले. म्हटलं, "वजनासाठी नाही बाई. तो घास आहे." सगळ्या माना माझ्याकडे. रेवती मॅडम म्हणाल्या, "या आमच्याकडे शिवणकाम करतात." मी म्हटलं, "तुमच्याकडे नाही करत. मरोळला धागे कापते. आणि ही गोधडी माझी आहे." बास. एवढंच म्हणायचं होतं, आणि त्याला चार महिने लागले. गळ्यात धागे कापायचा कटर दोरीने अडकवलेला होता, कामावरून तशीच आले होते. उजव्या कोपऱ्याचे सात टाके कापले, ओंजळ धरली, आणि जोंधळे ओतले. अर्धे जोंधळे, अर्धे किडे! एक पाहुण्या बाई ओरडून मागे सरकल्या. मी सांगितलं, आमच्यात गोधडी उपाशी ठेवत नाहीत. माझ्या सासूबाईंनी माझ्या आक्कांना शिकवलं, आक्कांनी मला. भाजून घालायचे असतात, ते मी विसरले. किड्यांची चूक माझी, आणि गोधडीही माझी. दोन्ही माझ्या नावावर लिहा.

अबोली बाई म्हणाल्या, "पण ही फुलं..." तेवढ्यात सपना मागून म्हणाली, "अहो कसली फुलं? ती आमची डोकी आहेत! मालनताई, सुट्टी संपतेय, जेवून घेऊ का आम्ही?" आणि आमच्या बायका, आक्का, खरंच बसल्या. त्या चकचकीत फरशीवर, पन्नास माणसांसमोर, गोल करून, डबे उघडून. भाकरी, भेंडी, सुकट, लोणचं, सगळ्या हॉलमध्ये वास. मला हसावं की रडावं कळेना.

अबोली बाई वळल्या. काठी टेकत जिना चढल्या. हळूहळू, पुरत्या वर. वरून खाली बघितलं. मग समोरच्या भिंतीवर बघितलं. परत खाली. मग वरून त्यांचा आवाज आला, "अहो, सगळे वर या आणि बघा!" सगळे पाहुणे जिन्यावर. एकेक माणूस वर जाई, खाली बघे, भिंतीकडे बघे आणि तोंडावर हात ठेवी. सपनाची तीच जांभळी ओढणी, तेच भांग, तेच अंबाडे. एकीचा हात दुसरीच्या डब्यात, तोही तसाच!

मग अबोली बाईंनी वरून विचारलं, "आणि ती रिकामी जागा? नुसता डबा आहे ती?" मी खाली उभी होते. म्हटलं, "ती माझी जागा आहे. तुम्ही आत्ता उभ्या आहात ना, तशी मी त्या दिवशी वर होते." त्या म्हणाल्या, "मग आता बसा की जाऊन." मी गेले, आणि बसले माझ्या जागेवर. सपनाने तिच्या डब्यातला घास माझ्या हातावर ठेवला. आणि आक्का, टाळ्या! वरून, जिन्यावरून, दारातल्या वॉचमनपर्यंत. मी मान खाली घालून जेवत होते आणि भाकरी खारट लागत होती, कारण डोळे थांबत नव्हते. तुम्ही अडतीस वर्षांपूर्वी वाजवलेल्या टाळ्या मला तेव्हा आठवल्या. मी मनात म्हटलं, यातल्या अर्ध्या पिंपरवाडीला पाठवायच्या.

रेवती मॅडम नंतर जवळ आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत, त्या बायका आहेत म्हणून?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत कधी?" त्या स्वतः जाऊन जुनी चिठ्ठी काढून आल्या. तेवढं त्यांचं मानलं पाहिजे.

नवी चिठ्ठी अबोली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. उतरवते:

"जेवणाची सुट्टी. शिवणारी: मालन दशरथ खरात, दिंडोशी. टाका शिकवणारी: कमल तुकाराम रणपिसे, पिंपरवाडी."

जागा भरपूर होती.

गोधडी उन्हात वाळवून, झटकून परत लावलीय. प्रदर्शन संपलं की ती तिथेच कायमची राहणार, जिन्यासमोर. आणि पुढच्या वर्षी नुसत्या आमच्या गाळ्यातल्या बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरवायचं म्हणतात. सपनाने आत्तापासून सुया घेतल्यात. कोपरा मी काल परत शिवला. आत नवे जोंधळे घातले, खमंग भाजून, गार करून. दहाही जणींनी आपापल्या हाताने घातले.

गाळ्यात पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. मास्तरांनी घड्याळ बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." ते म्हणाले, "मग बसा कामाला." पण हसत होते.

तुमचीच,
मालन

*

पिंपरवाडी
३० मे २०२५

प्रिय मालन,
जय भीम, जय भीम, जय भीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते दारात उभी राहूनच वाचलं. मग घरात गेले, तोंड धुतलं, चांगलं लुगडं नेसले, पत्र पिशवीत घातलं आणि बाईंच्या घरी गेले. रस्त्याच्या त्यांच्या कडेनं.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. खाटेवर बसून होत्या. त्यांची सून शीतल चांगली पोरगी आहे, तिनं पाणी दिलं. समोर भिंतीवर ते प्रशस्तिपत्रक, काचेत. मी म्हटलं, "बाई, माझी मोरांची गोधडी द्या." बाई म्हणाल्या, "कुठली गोधडी, कमल? ती तर मी शिवलेली." मग तुझी ओंजळ आठवली. म्हटलं, "तुमची असेल तर सांगा बरं, तिच्या उजव्या कोपऱ्यात काय आहे?"

शीतलनं पेटीतून गोधडी काढली. अगं, मोर अजून तसेच आहेत, रंग जरा विटलाय. चार बायका गोळा झाल्या होत्या. मी कात्री मागितली, कोपरा उसवला, तळहातावर पालथा केला. जोंधळे पडले. काळपट, टणक. अडतीस वर्षांत एकाला कीड नाही! एक उचलून दाढेखाली धरला, कडकन वाजला. मी सगळ्यांना दाखवलं. बघा म्हटलं, हे भाजलेले आहेत, हे माझ्या आईच्या चुलीवर भाजलेत, आणि हे इथे आहेत हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

बाईंनी त्यातला एक जोंधळा उचलून बघितला. मग रडल्या. म्हणाल्या, "कमल, तेव्हा नोकरी पक्की व्हायची होती गं." मला वाटलं होतं, मी ओरडेन. ओरडले नाही. म्हटलं, "बाई, तुमची नोकरी पक्की झाली. आता माझं नाव पक्कं करा." शीतलनं काच काढली. बाईंनी प्रशस्तिपत्रकावर लिहिलं. स्वतःच्या नावावर काट मारत होत्या, मी मारू दिली नाही. म्हटलं, ते राहू दे, वर माझं लिहा. वाचणाऱ्याला दोन्ही कळू दे.

मालन, तू तुझ्या भिंतीवरून मला इतकी वर्षं चुकवलेल्या दारात नेऊन उभी केलीस. तुझ्या हाताचा मी मुका घेते.

गोधडी घरी आणली. धाकट्यानं खिळा ठोकला, सरळ. दिवसा भिंतीला टांगते, सगळी वाडी बघून जाते. झोपताना काढून पांघरते. भिंतीला काय, तिला थंडी वाजत नाही.

पोराला सांगून या पत्रासोबत त्या जुन्या जोंधळ्यांतले पाच पाठवलेत. सपनाला दाखव, बाकीच्यांनाही दाखव. आणि भाजून घ्यायचे असतात, किती वेळा सांगायचं?

कमल तुकाराम रणपिसे